यार्स रिव्हेंज: अटारीवरचा तो सळसळता पट्टा

कृष्णाकाठ

१९८७ च्या मे महिन्यात आमचा मामा न्यू जर्सीहून सांगलीला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटांच्या खाली टॉवेलात गुंडाळलेला एक काळा डबा होता. पुढे लाकडासारखी पट्टी, वर चार चकचकीत खटके, मधोमध कार्ट्रिज खुपसायची खाच. अटारी २६००. त्याच्या शेजाऱ्यांची मुलं मोठी झाली म्हणून त्यांनी देऊन टाकलेला. सोबत दोन जॉयस्टिक आणि चार कार्ट्रिज. त्यातल्या एकावर चिलखत चढवलेल्या माशीचं चित्र होतं: यार्स रिव्हेंज.

अमेरिकेतलं यंत्र ११० व्होल्टचं, म्हणून बाबांनी आधी बाजारातून ट्रान्सफॉर्मर आणला. मग टीव्हीचं चॅनेल जुळवण्यात एक दुपार गेली. चित्र दिसलं, पण ते खालून वर पळत होतं. बाबांनी टीव्ही भिंतीपासून ओढला, मागे हात घालून व्ही-होल्डचं बटण केसभर केसभर फिरवलं आणि मी समोर उभा राहून ओरडत होतो, "थांबलं... पळालं... थांबलं!" शेवटी थांबलं. पण टीव्ही रंगीत असूनही चित्र काळंपांढरं, आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. डब्यावर रंगीत की काळंपांढरं असा एक खटका होता. तो आम्ही भावांनी शंभरदा तरी इकडून तिकडे केला असेल. काही फरक पडला नाही.

तर दोन वर्षं आम्ही हा खेळ टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून खेळलो. गोळीचा आवाज मी तोंडाने काढायचो, स्फोटाचा धाकट्याने काढायचा, असं ठरलेलं होतं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डावीकडे तुमचा यार, पंख फडफडवणारी माशी. उजव्या कडेला कोटाइल नावाचा शत्रू, एका ढालीच्या आड बसलेला. ढाल छोट्या छोट्या चौकटींची. ती गोळ्यांनी फोडता येते, किंवा तिच्यापर्यंत जाऊन चक्क कुरतडता येते. कुरतडलेल्या चौकटीला जास्त गुण, १६९. गोळीने उडवलेलीला ६९. कुरतडलं की डाव्या कडेला झोर्लन तोफ येते. कोटाइल मरतो तो फक्त या तोफेने. आणि सगळा वेळ एक बारीकशी रेघ तुमच्या मागे फिरत असते, सावकाश, पण न थकता. तिच्यापासून सुटका एकाच ठिकाणी: पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेला एक पट्टा. त्यात शिरलात की रेघ तुम्हाला काही करू शकत नाही, पण तुम्हालाही गोळी झाडता येत नाही.

मला या धाग्यात बोलायचंय ते या पट्ट्याबद्दल. आमच्या टीव्हीवर तो राखाडी दिसायचा, मुंग्यांची रांग वारुळातून सतत बाहेर पडतेय असा. २००४ मध्ये पुण्यात नोकरी करताना स्टेला हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर अटारीची नक्कल करणारा प्रोग्रॅम, मिळाला. त्यावर हा खेळ पहिल्यांदा रंगात पाहिला आणि पहिल्यांदा ऐकला. एक जाड, घुमणारा, संपतच नाही असा गुंजारव. मधमाश्यांच्या पोळ्यात डोकं घातल्यासारखा. मी हेडफोन काढून पाच मिनिटं नुसता बसलो होतो. आणि तो पट्टा! इंद्रधनुष्याचा चुरा करून वरून ओतत राहावं तसा.

त्यानंतर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की त्या पट्ट्याची चित्रं कुणी काढलेलीच नाहीत. कार्ट्रिजमध्ये जो प्रोग्रॅम आहे, त्याचेच बाइट उचलून पडद्यावर रंग म्हणून टाकलेले आहेत. म्हणजे दोन वर्षं आम्ही ज्या जागेत जीव वाचवायला लपत होतो, तो त्या खेळाचा स्वतःचा प्रोग्रॅम होता.

हा खेळ १९८२ चा, हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरचा. माझं ठाम मत आहे की घरच्या कन्सोलच्या त्या सुरुवातीच्या काळात यासारखा दुसरा अवकाशातला गोळीबाराचा खेळ झाला नाही. बाकीचे बहुतेक खेळ आर्केडमधल्या मोठ्या यंत्रांची घरगुती आवृत्ती होते. हा त्या डब्याच्याच पोटातून जन्मला.

डबा अजून आईकडे माळ्यावर आहे. आजच्या टीव्हीला जोडता येईल का, हेही कुणी सांगावं.

पाऊसवेळ

वाचनखूण साठवली आहे. व्ही-होल्डचा प्रसंग वाचून आमच्या बाबांची आठवण आली. आमच्याकडेही अँटेना फिरवताना "आलं, गेलं" असंच चालायचं. सविस्तर प्रतिसाद रात्री लिहिते.

निळीशाई

कृष्णाकाठ, तुमचा आवाज आणि रंग कुठे गेले ते आधी सांगतो. तुमच्या टीव्हीत काहीही बिघाड नव्हता.

अमेरिकेतला अटारी एनटीएससी पद्धतीचं चित्र पाठवायचा, सेकंदाला ६० वेळा. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा. म्हणून चित्र पळत होतं; व्ही-होल्ड फिरवून तुमच्या बाबांनी टीव्हीला ६० वर आणलं. रंगाची माहिती दोन्ही पद्धतींत वेगळ्या तऱ्हेने आणि वेगळ्या कंपनसंख्येवर जाते, त्यामुळे टीव्हीला रंग ओळखूच आले नाहीत. आवाजाचं कारण तर अगदी सरळ आहे. अमेरिकेत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर असते आणि आपल्याकडे ५.५ वर. तुमचा टीव्ही एक मेगाहर्ट्झ पलीकडे कान लावून बसला होता. गुंजारव तारेतून घरात येत होता, फक्त कुणी ऐकत नव्हतं.

आता पट्टा. मी पोटापाण्यासाठी मायक्रोकंट्रोलरचं काम करतो, म्हणून या यंत्राबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे. यात १२८ बाइट रॅम होती. किलोबाइट नव्हे, बाइट. पडद्यावर आडवे १६० आणि उभे साधारण १९२ ठिपके धरा. प्रत्येक ठिपका नुसता चालू की बंद एवढं लक्षात ठेवायचं म्हटलं तरी ३,८४० बाइट लागतील. म्हणजे चित्र साठवून ठेवायची सोयच नाही. मग टीव्हीचा झोत एकेक ओळ काढत खाली येत असतो, त्याच क्षणी प्रोग्रॅमने पुढच्या ओळीत काय काढायचं ते चित्राच्या चिपला सांगायचं. एका ओळीसाठी प्रोसेसरला ७६ सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, मिळतात आणि सगळ्यात छोटी आज्ञासुद्धा २ सायकल खाते. ओळीला अडतीसच्या वर आज्ञा बसतच नाहीत. चपातीवर चपाती लाटायची आणि तवा एकदाही थांबवायचा नाही, तसं.

कार्ट्रिज ४ किलोबाइटचं. त्यात खेळाचे नियम, माशीच्या पंखांची चित्रं, आवाज, गुणांचे आकडे, सगळं. झगमगत्या पट्ट्यासाठी वेगळी चित्रं ठेवायला जागा आणायची कुठून? वॉरशॉने जागा शोधलीच नाही. जे आत आधीपासून आहे तेच वाचलं.

हे कसं दिसतं त्याचा एक नमुना देतो. त्या प्रोसेसरच्या भाषेत "पुढचा आकडा उचल" या आज्ञेचा बाइट हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत) ए९ असा लिहितात. ० आणि १ या दोनच अंकांत तो १०१०१००१ असा होतो. प्रोसेसरला ती आज्ञा आहे. पण तोच बाइट चित्राच्या चिपकडे दिला तर तिला दिसतं: उजेड, अंधार, उजेड, अंधार, उजेड, अंधार, अंधार, उजेड. तिला आज्ञाबिज्ञा काही कळत नाही. असे बाइट एकामागून एक दिले की ते यादृच्छिक वाटतात, पण पूर्ण यादृच्छिक नसतात. प्रोग्रॅममध्ये त्याच त्याच आज्ञा पुन्हा येतात, म्हणून त्या पट्ट्याला एक वीण आहे. मुंग्यांची रांग ही तुमची उपमा म्हणूनच पटली.

जोंधळा

धागा आवडला, पण "यासारखा दुसरा झाला नाही" हे मला मान्य नाही.

मी ९० च्या दशकातला. आमच्या बार्शीत अटारी कुणी पाहिला नव्हता. आमच्याकडे आला तो पिवळ्या कार्ट्रिजांचा टीव्ही गेम, ज्यावर "९९९९९९ इन १" लिहिलेलं असायचं. त्यात गॅलॅक्सियन असायचाच. नामकोचा १९७९ चा आर्केड खेळ, १९८४ मध्ये फॅमिकॉम या निंटेंडोच्या कन्सोलवर आणलेला. त्यात काय नाही? वर रांगेत उभे असलेले शत्रू, त्यातले एकदोन रांग सोडून गोल वळसा घेत खाली झेपावणारे, आणि तुमच्याकडे एका वेळी एकच गोळी. ती चुकली तर ती वर जाऊन नाहीशी होईपर्यंत तुम्ही निःशस्त्र. ही एक अट सगळा खेळ उभा करते. नियम सांगायला अर्धं वाक्य पुरतं. माझ्या आजीने, जिने आयुष्यात यंत्राला हात लावला नव्हता, तिने बघून बघून दोन दिवसांत खेळायला घेतला.

यार्समध्ये तोफ कधी येते, ढाल केव्हा कुरतडायची, पट्ट्यात काय चालतं, हे पुस्तिका वाचल्याशिवाय कळत नाही. चांगला खेळ पहिल्या मिनिटात आपला नियम स्वतः शिकवतो असं मला वाटतं. आणि मूळ पुरुष म्हणाल तर स्पेस इन्व्हेडर्सच. १९८० मध्ये तो अटारीवर आला तेव्हा लोकांनी त्या एका खेळासाठी कन्सोल घेतले.

कृष्णाकाठ

जोंधळा, आजींचा दाखला बिनतोड आहे. पुस्तिका लागते हे खरं. आम्हाला तर पुस्तिकाही नव्हती, मामाने आणलीच नव्हती. तोफ कशाने येते हे कळायला आम्हाला आठवडा लागला. धाकटा चुकून ढालीवर जाऊन आपटला आणि डावीकडे काहीतरी उगवलं. आम्ही दोघं त्याकडे बघत राहिलो आणि तेवढ्यात रेघेने गाठलं. त्या आठवड्यासाठी मी आजही काहीही देईन. पहिल्या मिनिटात सगळं कळणं हा एक गुण झाला. आठवडाभर कोडं पडणं हाही एक आहे.

निळीशाई

जोंधळा यांनी स्पेस इन्व्हेडर्सचं नाव काढलंय तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती दोन्ही बाजूंना लागू पडते.

टोमोहिरो निशिकाडो यांच्या १९७८ च्या मूळ यंत्रावर शत्रूंच्या पाच ओळी आणि ओळीत अकरा, म्हणजे ५५. अटारीवर रिक मॉररने आणले तेव्हा सहा ओळी आणि ओळीत सहा, म्हणजे ३६. सहाच का? त्या चिपला एका आडव्या ओळीत हलणाऱ्या वस्तू पाचच काढता येतात: दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू. मुळात हे यंत्र टेबलटेनिस आणि रणगाडे डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. पण एका खेळाडूच्या शेजारी शेजारी तीन प्रती काढायची सोय त्यात आहे. मॉररने पहिल्या खेळाडूच्या तीन प्रती घेतल्या, दुसऱ्याच्या तीन घेतल्या, आणि एकाआड एक बसवल्या. झाले सहा. म्हणजे दोनच खेळाडू सहा शत्रूंचं सोंग घेऊन उभे आहेत, आणि झोत खाली सरकला की तेच पुढच्या ओळीचे सहा होतात.

मला वाटतं तो खेळही "डब्याच्या पोटातून" आलेला आहे, फक्त त्याला बाहेरच्या खेळाशी निष्ठा राखायची होती.

सनीव्हेलकर

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. नोकरीनिमित्त वीस वर्षं सनीव्हेलला आहे. अटारीचं मुख्यालय इथल्या बोरेगास अव्हेन्यूवर होतं. आता त्या भागात फिरताना तसं काही ओळखू येत नाही, ऑफिसं आणि पार्किंग. पण यार्स रिव्हेंज इथे लिहिला गेला हे माहीत असल्यामुळे मी कधीकधी मुद्दाम त्या बाजूने गाडी काढतो.

कृष्णाकाठ यांनी लिहिलंय की हा खेळ आर्केडची आवृत्ती नव्हता. पण सुरुवात तिथूनच झाली होती, आणि ती हकिकत मला सगळ्यात जास्त आवडते. वॉरशॉ ह्युलेट-पॅकार्डमधून १९८१ च्या सुरुवातीला अटारीत आला. त्याला पहिलं काम मिळालं स्टार कॅसल अटारीवर आणायचं. सिनेमॅट्रॉनिक्सचा १९८० चा आर्केड खेळ, टिम स्केलीचा. मधोमध तोफ, तिच्याभोवती फिरणारी तीन कडी, आणि सगळं काही रेषांनी काढलेलं, कारण त्या यंत्राचा पडदाच रेषा काढणारा. वॉरशॉने अभ्यास केला आणि वरिष्ठांना जाऊन सांगितलं की हे इथे आणलं तर त्याची पार रया जाईल. यातलं मर्म घेऊन मी या यंत्राला शोभेल असा वेगळा खेळ करतो. आणि त्यांनी होकार दिला!

आता शेजारी ठेवून बघा. कड्यांची ढाल झाली. मधली तोफ कोटाइल होऊन उजव्या कडेला गेली. कडी फोडून मध्ये मारा करायचा, हा गाभा तसाच राहिला. एका तरुण मुलाने पहिल्याच कामात "हे नको, हे करतो" म्हणावं, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते.

नावाचंही ऐका. तेव्हा अटारीचे प्रमुख होते रे कासार. 'रे' हे नाव इंग्रजीत उलटं लिहिलं की यार होतं. माश्यांच्या सूर्यमालेचं नाव रझाक, तेही कासार उलटं वाचून आलेलं. हे वॉरशॉने नंतर स्वतः सांगितलंय. (आपल्या कासारांशी त्या आडनावाचा संबंध नाही, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकलो होतो.) अमेरिकेत कार्ट्रिजबरोबर एक छोटं कॉमिकही मिळायचं. पृथ्वीवरच्या साध्या घरमाश्या यानात चुकून गेल्या, तिकडे जाऊन बदलल्या, आणि त्यांचा एक ग्रह कोटाइलने उद्ध्वस्त केला, अशी कथा. सूड कसला, ते त्यात कळतं.

एकतारी

मी वयाने लहान आहे, २६. स्टेलावरच खेळलोय. निळीशाई दादा, एक शंका. प्रोग्रॅमचे बाइट पडद्यावर टाकले हे खरंच तसं आहे, की नंतर रचलेली दंतकथा? अशा गोष्टी फार पसरतात म्हणून विचारलं.

निळीशाई

विचारलंत ते बरं केलंत. खरंच तसं आहे. वॉरशॉने स्वतः सांगितलेलं आहे, आणि प्रोग्रॅम उलगडून पाहिला तरी पट्ट्याच्या चित्रांचा वेगळा साठा सापडत नाही. तुमच्या स्टेलामध्येच डीबगर आहे. खेळ थांबवा, एकेक आज्ञा पुढे सरकवा आणि पट्टा काढताना प्रोसेसर कुठल्या पत्त्यावरून वाचतोय ते बघा. एक रविवार जाईल, पण कुणाच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.

पाऊसवेळ

रात्री लिहिते म्हणाले होते, तीन दिवस झाले. मुलीची परीक्षा होती.

आम्ही दोघी हा खेळ एम्युलेटरवर खेळतो. ती अकरा वर्षांची आहे. जोंधळा म्हणतात ते तिनेही म्हटलं होतं, "आई, यात करायचं काय?" पण एकदा झोर्लन तोफेची गंमत कळली आणि आता ती मला खेळू देत नाही. तीच इथे लिहिते, कारण अजून कुणी त्याबद्दल बोललेलं नाही.

तोफ डाव्या कडेला असते आणि यार वरखाली जाईल तशी तीही वरखाली होते. म्हणजे तोफेचा नेम धरणारे तुम्हीच. बटण दाबलं की गोळा सरळ उजवीकडे सुटतो. आणि त्याच सरळ रेषेत कोण उभं असतं? तुम्ही. कारण नेम धरायला तुम्हीच तिथे उभे होतात. मग बटण दाबायचं आणि त्याच क्षणी वर किंवा खाली सटकायचं. उशीर झाला की आपल्याच तोफेने आपण मेलो. लवकर सटकलं तर तोफही सरकते आणि नेम जातो. मुलीने त्यावर एक युक्ती काढली: यारला वरून खाली वेगात आणायचं, कोटाइलच्या रेषेत येताच बटण दाबायचं आणि न थांबता खाली जात राहायचं. पडद्याच्या तळातून खाली गेलं की यार वरून बाहेर येतो, त्यामुळे भिंतीवर आपटायची भीती नाही. दहातले सात वेळा जमतं तिला. मला चार.

त्यात कोटाइल मध्येच भोवरा होतो आणि तुमच्या अंगावर सुटतो. मधल्या पट्ट्यात लपलात तरी भोवरा सोडत नाही. पण तो हवेत असताना झोर्लनने टिपला तर ६,००० गुण आणि एक जीव वाढीव. जागेवर बसलेला कोटाइल मारला तर फक्त १,०००, आणि सुटण्याआधीच्या भोवऱ्याला २,०००. म्हणजे सगळ्यात जास्त बक्षीस सगळ्यात जास्त धोक्याच्या क्षणाला ठेवलेलं आहे. हे मला फार आवडतं. तो क्षण येतो तेव्हा मुलगी श्वास रोखते, मी बघत असते.

सनीव्हेलकर

पाऊसवेळ ताई, तुमच्या मुलीला मग पुढचंही सांगा. भोवरा हवेत टिपला की पडद्यावर एक काळी उभी खूण उरते. त्या खुणेवर नेमक्या जागी यार नेला तर खेळ थांबतो आणि पडद्यावर अक्षरं येतात: एचएसडब्ल्यू, आणि शेजारी तीच उलटी. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉची आद्याक्षरं. पुस्तिकेत यार्सच्या भुताचा अगदी ओझरता उल्लेख आहे, बस.

हे का केलं ते कळायला त्या वेळची अटारी समजून घ्यावी लागते. कंपनी खेळावर प्रोग्रॅमरचं नाव छापत नसे. याच नाराजीतून डेव्हिड क्रेन आणि त्याचे तीन सहकारी बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. वॉरन रॉबिनेटने त्याच्या ॲडव्हेंचर या खेळात एका गुप्त खोलीत आपलं नाव लपवलं. वॉरशॉने आपलं नाव लपवलं तेही अशा जागी, जिथे खेळातला सगळ्यात अवघड नेम साधलेला माणूसच पोहोचेल.

जोंधळा

मी काल रात्री पुस्तिका शोधून वाचली आणि मग दोन तास खेळलो. माझं गॅलॅक्सियनबद्दलचं मत तेच आहे. पण ती मागे फिरणारी रेघ... गॅलॅक्सियनमध्ये शत्रू झेपावतो, चुकवला की सुटलात, श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथे ती रेघ कधीच थांबत नाही. पट्ट्यात उभं राहावं तर ती घुटमळत राहते, आणि पट्ट्यात राहून जिंकता येत नाही. सुरक्षित जागा आहे, पण तिथे बसून काही होणार नाही, हे या खेळाने मला एक शब्दही न वापरता सांगितलं. ते मात्र पहिल्या मिनिटातच कळलं.

अवांतर: याच वॉरशॉने पुढे ई.टी. हा खेळ पाच आठवड्यांत केला ना? त्याला त्याबद्दल फार शिव्या खाव्या लागल्या असं वाचलं.

सनीव्हेलकर

हो, १९८२ च्या नाताळात बाजारात आणायचा म्हणून. एका माणसाला पाच आठवडे दिले, हे मला तरी त्याच्या माथी मारण्यासारखं वाटत नाही. पुढे तो मानसोपचारतज्ज्ञ झाला, इथेच सिलिकॉन व्हॅलीत. आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१३ मध्ये आपल्या संग्रहात जे जुने खेळ घेतले, त्यांत स्पेस इन्व्हेडर्स आणि ॲस्टेरॉइड्सबरोबर यार्स रिव्हेंजही आहे.

निळीशाई

कृष्णाकाठ, तुमचा मूळ प्रश्न राहूनच गेला. डबा जोडता येईल. ११० व्होल्टचा जुना अडॅप्टर विसरा. डब्याला आत ९ व्होल्ट डीसी लागतं. इथला ९ व्होल्ट, ५०० मिलीअँपिअरचा चालेल, फक्त ३.५ मिलिमीटरची पिन लावून घ्या आणि टोकाला पॉझिटिव्ह आहे याची मीटरने खात्री करा. अँटेनाची वाट धरू नका. चित्राच्या चिपच्या पिनांवरून सिग्नल काढून एक ट्रान्झिस्टर आणि चारपाच रेझिस्टरांनी कॉम्पोझिट व्हिडिओ करता येतो, आवाज वेगळ्या तारेने. आजचे बरेच एलसीडी टीव्ही त्या पिवळ्या सॉकेटला एनटीएससी घेतात. चालू करण्याआधी पॉवरचे कपॅसिटर बदला, चाळीस वर्षांत ते सुकतात.

कृष्णाकाठ

अडीच महिन्यांनी धागा वर आणतोय.

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा डबा माळ्यावरून काढला. टॉवेल तोच होता. पुण्याला आणून बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे दिला, निळीशाईंनी लिहिलेलं सगळं कागदावर छापून सोबत. काकांनी कागद दोनदा वाचला, बोर्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "शनिवारी या." शनिवारी डब्याच्या मागून दोन नव्या तारा आलेल्या होत्या, एक पिवळी, एक पांढरी.

धाकट्याला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. तो त्या रविवारी जेवायला आला. त्याने एम्युलेटरवर हा खेळ कधी पाहिलेला नाही. १९८९ नंतर त्याचा आणि या खेळाचा संबंधच आला नव्हता. टीव्हीवर कार्ट्रिज लावून ठेवलं होतं. त्याने जॉयस्टिक हातात घेतली, रबर थोडं चिकट झालंय. मी रीसेटचा खटका खाली ओढला.

रंग आले. पट्टा सळसळायला लागला. आणि तो गुंजारव खोलीत भरला, आमच्याच डब्यातून. जेवणघरातून बायको बाहेर आली, कसला आवाज म्हणून.

धाकटा खेळत नव्हता. यार तसाच उभा, आणि रेघ सावकाश त्याच्याकडे येत होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दादा, हा आवाज तेव्हापण होता?"

मी म्हटलं, होता.

मग तो पट्ट्यात शिरला.

एकतारी

कृष्णाकाठ काका, दुरुस्तीवाल्या काकांनी पॉवरचा कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा घातला ते विचारून सांगाल का? मलाही एक डबा मिळतोय, नाशिकला एकांकडे आहे.